मॉर्वेनस्टोचे चार दिवस

बाबा जूनमध्ये आले तेव्हापासून मी त्यांना लंडन दाखवलं, ऑक्सफर्ड दाखवलं, बाथ दाखवलं, आणि प्रत्येक ठिकाणी ते म्हणायचे छान आहे रे, आणि गप्प बसायचे. एक दिवस जेवताना म्हणाले, "तू मला नुसती शहरं आणि राजवाडे दाखवतोस. गाव दाखव की एखादं. व्हिक्टोरिया राणीच्या वेळेला इथलं खेडं कसं चालायचं, कोण चालवायचं, ते बघायचंय मला." बाबा रत्नागिरी जिल्ह्यात तेहतीस वर्षं ग्रामसेवक होते. जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, ग्रामसभा, यातच सगळं आयुष्य गेलं, त्यामुळे मला खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं.

मग मी मॉर्वेनस्टो ठरवलं. कॉर्नवॉलच्या अगदी वरच्या टोकाला, डेव्हनच्या हद्दीला लागून, समुद्राच्या कड्यावरची पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला सगळा मुलूख, वाड्या-वस्त्या, शेतं, ओढे, किनारा सगळं धरून. इथं 1834 च्या शेवटापासून 1875 पर्यंत रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाचा व्हिकर, म्हणजे पॅरिशचा पाद्री होता आणि त्याच्यामुळे एवढंसं गाव लोकांना माहीत आहे. सप्टेंबरचा शेवट होता, मीनलला रजा मिळाली नाही म्हणून आम्ही दोघंच, मी आणि बाबा.

पहिला दिवस, गुरुवार

स्विंडनहून सकाळी आठला निघालो. मोटरवेने एक्झेटरपर्यंत, मग ओकहॅम्प्टन, होल्सवर्दी करत ब्यूडला पोचायला दीड वाजला. मध्ये बाबा झोपले होते, पण होल्सवर्दीनंतर रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूला उंच मातीचे बांध आणि त्यावर झुडपं, तेव्हा उठून बसले आणि म्हणाले, "गडगे आहेत की रे हे, आपल्यासारखेच." खरंच तसेच, आत दगड, वर माती आणि त्यावर गवत. इकडे त्याला हेज म्हणतात.

ब्यूडमध्ये फार काही केलं नाही. सामान टाकलं, पेस्टी खाल्ली आणि कालव्यावर फिरायला गेलो. पण हा कालवा बाबांना एवढा आवडला की तासभर तिथंच गेला. 1823 साली सुरू झाला, आणि कशासाठी तर समुद्राची वाळू आत शेतांपर्यंत न्यायला! इथली वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, त्यात चुना असतो, आणि आतली जमीन आंबट, म्हणून ती वाळू शेतात टाकायची. छोट्या होड्यांना खाली चाकं लावलेली आणि चढ आला की लॉकऐवजी, म्हणजे पाण्याच्या दारांऐवजी, रुळावरून साखळीने वर ओढायच्या. बाबा वाकून वाळू हातात घेऊन चोळून बघत होते, त्यात पांढरे निळसर शिंपल्याचे कपचे दिसत होते. म्हणाले, आमच्याकडे मासळीचं कुटं टाकतात माडांना, इथं किनाराच उचलून शेतात नेला.

संध्याकाळी वारा सुटला आणि आम्ही लवकर झोपलो.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी पाऊस नव्हता म्हणून थेट गावात न जाता आधी कूम्बच्या दरीत गेलो. ब्यूडहून उत्तरेला चार-पाच मैलांवर डकपूल नावाचा छोटा किनारा आहे, तिथून ओढ्याच्या काठाने आत गेलं की गवताने शाकारलेली चार घरं आणि एक दगडी पूल लागतो. पूल अगदी साधा, फोटो काढावा असाही नाही. पण तो हॉकरने आल्याआल्या बांधून घेतला. त्याआधी इथं नुसता उतार होता, पावसाळ्यात पाणी चढलं की माणसं वाहून जायची. हॉकरने वर्गणी काढली आणि थेट राजाकडे मागितली, चौथ्या विल्यमने 20 पौंड दिले, म्हणून पुलाला किंग विल्यम्स ब्रिज म्हणतात. बाबा पुलाच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या गावात असाच एक पऱ्या होता आणि त्यावर साकव व्हावा म्हणून त्यांनी सहा वर्षं कागद फिरवले होते, ते मला लहानपणापासून ऐकून पाठ आहे.

तिथून पुढे मॉर्वेनस्टो. रस्त्यात समुद्राच्या बाजूला माळावर प्रचंड पांढऱ्या तबकड्या दिसतात, सरकारी टेहळणी केंद्र आहे ते, आणि मग एकदम काहीच नाही. मला वाटलं होतं गाव म्हणजे चौक असेल, दुकानं असतील. तसं नाहीच. इथं अर्धा मैल, तिथं पाऊण मैल अशा वाड्या विखुरलेल्या, क्रॉसटाऊन, शॉप, वूली वगैरे नावांच्या. चर्चजवळ एक शेतघर आणि व्हिकरेज म्हणजे व्हिकरचं घर, बास. कोकणात कसं देऊळ एका बाजूला आणि वाड्या डोंगरभर, अगदी तसं. हॉकरच्या काळात या सगळ्या मिळून हजारेक माणसं होती, बहुतेक शेतमजूर आणि छोटे कुळकरी.

चर्चकडे वरून खाली उतरत जावं लागतं. फाटकाला लिचगेट म्हणतात, वर छप्पर असलेलं, जिथं प्रेत आणून टेकवायचं आणि पाद्री पुढे येऊन आत न्यायचा. तिथून खाली बघितलं की चर्चचा चौकोनी बुरूज, त्याच्यामागे दरी आणि दरीच्या इंग्रजी व्हीमधून थेट अटलांटिक. झाडं सगळी एका बाजूला वाकलेली, वाऱ्याने.

आत गेल्यावर डोळे सरावायला जरा वेळ लागला. नॉर्मन काळातल्या कमानी, त्यावर नागमोडी दातेरी नक्षी आणि चोचीवाले चेहरे. हॉकर सांगायचा की ती नागमोडी रेघ म्हणजे गालिलीच्या सरोवरावरच्या लाटा. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड तर हजारेक वर्षं जुनं समजतात, ओबडधोबड, जरा वाकडंच, आणि मध्यावर भोवती दोराचा पीळ कोरलेला. मी बोट फिरवून बघितलं, पीळ सगळीकडे सारखा नाही, कोरणाऱ्याचा हात एका ठिकाणी घसरलाय आणि त्याने तसाच पुढे नेलाय. या गावातलं प्रत्येक मूल पिढ्यान्पिढ्या या दोराच्या वर धरलं गेलं.

चर्चमध्ये फुलं लावायला एक आजीबाई आल्या होत्या, रविवारी हार्वेस्ट फेस्टिव्हल म्हणजे सुगीचा सण होता त्याची तयारी. बाबांनी इंग्रजीत, थोडं माझ्यामार्फत, त्यांना विचारायला सुरुवात केली आणि पुढचा पाऊण तास काय झाला ते सांगतो कारण माझ्यासाठी या ट्रिपचं खरं काय ते इथंच सुरू झालं.

बाबांचा पहिला प्रश्न, नोंद कोण ठेवायचं? तर व्हिकर. 1813 पासून कायद्याने छापील वह्या आल्या, दफनाच्या वहीत एका पानावर आठ नोंदी, रकाने ठरलेले, नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी कोणी केला त्याची सही. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1837 मध्ये सुरू झाली, पण चर्चची वही चालूच राहिली. मग विचारलं, गावाचा खर्च? तर शेताच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चचा, आधी पेंढ्या, कोकरं, दूध असं वस्तूंनी, आणि 1836 च्या कायद्याने त्याचे पैसे ठरवले, तेही मागच्या सात वर्षांच्या धान्याच्या भावाची सरासरी काढून. बाबांनी लगेच वही काढली खिशातून आणि लिहून घेतलं. "सरासरीवर! म्हणजे दुष्काळात एकदम बोजा नाही," म्हणाले. रस्ते, गरिबांची मदत हे पॅरिशची सभा बघायची, व्हेस्ट्री म्हणायचे तिला, पण 1834 च्या कायद्याने गरिबांचं काम तिच्याकडून काढून अनेक पॅरिशच्या मिळून केलेल्या मोठ्या युनियनकडे दिलं, इथल्या लोकांना स्ट्रॅटन युनियन. म्हातारा झाला, हात चालेना, तर घरी मदत मिळण्यापेक्षा वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घ्यायच्या घरात जा, नवरा एकीकडे आणि बायको एकीकडे. आजीबाई हे सांगताना फुलांच्या देठांकडे बघत होत्या.

हॉकरला हे अजिबात पसंत नव्हतं. मजुराला तेव्हा इथं आठवड्याला सात-आठ शिलिंग मिळायचे, म्हणजे वर्षाचे वीस पौंडाच्या आसपास, आणि व्हिकरचं उत्पन्न वर्षाला 365 पौंड, दिवसाला एक पौंड. हॉकरने ते लपवलं नाही, उलट आपल्या व्हिकरेजच्या दारावर कोरून ठेवलं, दिवसाला एक पौंड, आणि खाली पुढे येणाऱ्या पाद्र्यांना सांगणं की गरिबांशी दयेने वागा. त्याने दर रविवारी चर्चमध्ये गरिबांसाठी दान गोळा करायला सुरुवात केली, त्यावरून 1844 मध्ये लंडनच्या पेपरांपर्यंत वाद गेला. स्वतः मात्र आयुष्यभर कर्जातच राहिला.

मग बाबांनी विचारलं, "आणि बेवारस? हद्दीत बेवारस प्रेत सापडलं तर?"

आजीबाई म्हणाल्या, या माझ्याबरोबर.

आम्हाला त्या आधी आतच एका बाजूला घेऊन गेल्या. तिथं जहाजाच्या नाळेवरची लाकडी बाई आहे, पांढरी, हातात तलवार आणि गोल ढाल, डोक्याला स्कॉटिश टोपी. कॅलेडोनिया नावाचं स्कॉटलंडमधल्या अर्ब्रोथचं जहाज, सप्टेंबर 1842 मध्ये ग्लॉस्टरकडे जाताना रात्रीच्या वादळात इथल्या खडकांवर फुटलं. एकच खलाशी वाचला, जर्सी बेटावरचा, त्याला हॉकरने व्हिकरेजमध्ये ठेवून बरं केलं. बाकीचे जसजसे किनाऱ्याला लागले तसतसे वर आणून चर्चयार्डात पुरले आणि जहाजावरची ही बाई त्यांच्यावर उभी केली. दीडशेपेक्षा जास्त वर्षं ती बाहेर ऊनपावसात होती, लाकूड कुजायला लागलं म्हणून दुरुस्त करून आत आणली आणि बाहेर तशीच दुसरी ठेवलीय.

मग बाहेर. वरच्या बाजूला ग्रॅनाइटचा एक क्रॉस आहे. त्याच्या आसपास चाळीसच्या वर खलाशी आहेत, वेगवेगळ्या जहाजांवरचे, बहुतेकांची नावं माहीत नाहीत. क्रॉसवर लिहिलंय त्याचा अर्थ असा की अनोळखी, तरीही चांगले ओळखीचे.

आजीबाईंनी सांगितलं की 1808 पर्यंत समुद्रातून आलेलं प्रेत कोणाचंच नसायचं. सापडेल तिथं वाळूत किंवा कड्यावर खड्डा करायचा, विधी नाही, घंटा नाही, कारण हा ख्रिश्चन आहे की नाही कुणाला माहीत, आणि खर्च कोणी करायचा. 1807 मध्ये कॉर्नवॉलच्याच दक्षिण किनाऱ्यावर अॅन्सन नावाचं लढाऊ जहाज फुटलं, शंभरावर माणसं गेली आणि ती अशीच पुरली, ते बघून हेल्स्टनच्या टॉमस ग्रिल्स नावाच्या वकिलाने मसुदा केला आणि पुढच्या वर्षी कायदा झाला की ज्या पॅरिशच्या हद्दीत प्रेत लागेल त्या पॅरिशने ते आपल्या चर्चयार्डात पुरायचं, आणि खर्च काउंटीने भरून द्यायचा. कळवणाऱ्याला पाच शिलिंग. पण कायदा झाला तरी साडेचारशे फुटी कडे उतरून, खडकांच्या फटीतून, कित्येक दिवस पाण्यात राहिलेलं शरीर, कधी पूर्ण नसलेलं, वर आणायला कोण जाणार? हॉकर स्वतः जायचा, भरतीच्या वेळा बघून माणसं घेऊन. माणसांना ते सहन व्हावं म्हणून त्यांना जिन पाजत राहावी लागायची. आणि वर आणलं की प्रत्येकाला रीतसर विधी.

"आणि वहीत?" बाबांनी विचारलं. "नावाच्या रकान्यात काय लिहायचं?"

अशा नोंदींत नावाच्या जागी अनोळखी लिहायचे, त्या म्हणाल्या, वय अंदाजे. पण ओळ सोडायची नाही. नंबर द्यायचा.

बाबा काही बोलले नाहीत. आजीबाई परत आत गेल्या, आम्ही तिथंच गवतावर उभे, वारा होता, मी म्हटलं बाबा टोपी घाला. त्यांनी टोपी उलट काढून हातात घेतली.

"जनूआजोबा," म्हणाले.

आता हे सांगायला पाहिजे. जनूआजोबा म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. दाभोळच्या खाडीकाठचं आमचं गाव, तिथून त्या काळी पुष्कळ लोक मुंबईला जाऊन विलायतेच्या आगबोटींवर लागायचे, भट्टीवर नाहीतर डेकवर. ते पण गेले. दोनदा परत आले, तिसऱ्यांदा गेले ते आलेच नाहीत. बोट बुडाली म्हणे, कोणी म्हणालं ताप आला म्हणून मधल्याच बंदरात उतरवलं. कागद नाही, पत्र नाही. त्यांच्या बायकोने बारा वर्षं कुंकू लावलं. बारा वर्षांनी भटजींनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि त्या संध्याकाळी तिचं कुंकू पुसलं. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर कोणी बोलत नाही. बाबांनी तिला बघितलंय, अगदी म्हातारी, ओटीवर बसलेली, खाडीकडे तोंड करून.

"मी नोकरीत असताना बेवारस प्रेतांच्या नोंदी केल्यात," बाबा म्हणाले. "खाडीला लागलेल्या. पोलीस पंचनामा करायचे, मी नोंद करायचो. प्रत्येक वेळेला मनात यायचं की जनूआजोबाची नोंद कुठंतरी कोणी केली असेल का."

मग ते क्रॉसजवळ गेले, वाकून दगडाला हात लावला आणि तो हात छातीला लावला. देवळात करतात तसा. मी थोडा लांबच थांबलो.

नंतर शेजारच्या शेतघरात चहाची सोय आहे तिथं बसलो, स्कोन, जॅम आणि घट्ट साय, कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी आणि साय वर, डेव्हनमध्ये उलट. बाबांनी दोन कप चहा घेतला. त्या दिवशी अजून काही बघितलं नाही.

तिसरा दिवस, शनिवार

रात्रभर पाऊस आणि सकाळीही. ब्यूडमध्येच अकरापर्यंत बसलो, मग उघडीप दिसली तसे परत निघालो.

आधी व्हिकरेज. तिथं लोक राहतात म्हणून आत जाता येत नाही, पण पायवाटेवरून धुराडी नीट दिसतात आणि तीच बघायची. 1837 मध्ये हॉकरने हे घर बांधलं. त्याआधी शंभरेक वर्षं कुठलाच व्हिकर इथं राहत नव्हता, उत्पन्न घ्यायचं आणि राहायचं दुसरीकडे, अशी तेव्हा सर्रास पद्धत. हॉकरने जागा कशी निवडली तर वादळात मेंढ्या कुठं जाऊन निवाऱ्याला उभ्या राहतात ते बघून, असं सांगतात. आणि धुराडी म्हणजे तो आधी ज्या ज्या चर्चशी जोडलेला होता त्यांच्या बुरुजांच्या नकला, स्ट्रॅटन, व्हिटस्टोन, नॉर्थ टॅमर्टन, आणि स्वयंपाकघराचं धुराडं आईच्या थडग्यासारखं. बाबांना ते फार भावलं, स्वयंपाकघराच्या धुरात आई.

मग शेतांमधून कड्याकडे. चिखल होता, बाबांचा एक हात मी धरला होता, दहा मिनिटांची वाट आम्हाला अर्धा तास लागली. कड्याच्या टोकाला पाटी दिसते आणि खाली सोळा-सतरा पायऱ्या उतरल्या की हॉकरची झोपडी. फुटक्या जहाजांचं आणि किनाऱ्याला लागलेलं लाकूड त्याने स्वतः जमवून बांधली, छपरावर गवत, निम्मी जमिनीत. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यातली ही सगळ्यात लहान वास्तू. आत तिन्ही बाजूंना फळीचे बाक. दार वरचं वेगळं उघडतं आणि खालचं वेगळं.

आम्ही आत बसलो आणि खालचं दार लावून घेतलं. एकदम वारा थांबला. फळ्यांवर शेकडो नावं कोरलेली, एकावर एक, जुनी इतकी की बोटालाच कळतात, डोळ्यांना नाही. एका जाड तुळईला ओळीने भोकं होती, लाकडाचे खुंट मारायची असतात तशी, म्हणजे ती जहाजाचीच. बाबा बोट घालून बघत म्हणाले, "ही बरगडी असणार. सुकाणूकडची नाही, मधली." खाडीकाठी गलबतं दुरुस्त होताना बघतच ते वाढले.

वरच्या अर्ध्या दारातून नुसता समुद्र. खाली खडक आहेत ते बघायला मात्र बाहेर येऊन कडेला जावं लागतं आणि ते बघितल्यावर सगळं समजतं. वाळूखडक आणि शेलचे थर, पण आडवे नाहीत, उभे वळून आलेले, आणि किनाऱ्यापासून समुद्रात रांगेने घुसलेले, करवतीच्या पात्यांसारखे. त्या काळी शिडाचं जहाज ब्रिस्टल चॅनेलकडे जाताना पश्चिमेचा वारा लागला की या किनाऱ्याकडे ढकललं जायचं, आणि उतरायला जागा नाही, ब्यूड सोडलं तर आसरा नाही. कॉर्नवॉलच्या लोकांबद्दल म्हणतात की कंदील दाखवून जहाजं फसवायचे, पण त्याला काही पक्का पुरावा नाही. या खडकांना कंदिलाची गरज नाही. फुटल्यावर आलेलं लाकूड, पिंपं, दोर लोक न्यायचे हे खरं, सात शिलिंगवाल्या घरात एक फळीसुद्धा मोठी होती.

हॉकर इथं तासन्‌तास बसायचा. कविता लिहायचा, अफू ओढायचा, हेही खरं आहे. 1848 मध्ये कवी टेनिसन त्याला भेटायला आला होता, दोघं कड्यावर फिरून राजा आर्थरबद्दल बोलले. त्याचे कपडे पण वेगळे, काळ्या झग्याऐवजी जांभळट कोट, निळा कोळ्याचा स्वेटर, गुडघ्यापर्यंत समुद्री बूट. लोक त्याला विक्षिप्त म्हणून लिहितात आणि सगळ्या गोष्टी त्याच्याच सांगतात, मांजराच्या, जलपरीच्या. मला ते वाचून राग येतो. ज्या माणसाने चाळीस वर्षं प्रत्येक वादळानंतर सकाळी कडा उतरून बघितलं की कोणी आलंय का, त्याचे कपडे काय बघत बसायचे.

दुपारी बाबा चहाच्या ठिकाणी बसले पेपर घेऊन आणि मी एकटा हेना क्लिफवर चढून आलो. चढ छातीवर येतो, पायऱ्या चिखलाने निसरड्या. वरून लंडी बेट दिसलं, मधेच ढगात गेलं. पलीकडे मार्सलंडचा ओढा, तो ओलांडला की डेव्हन आणि वेल्कम गाव, त्याही गावाचं काम नंतर हॉकरकडेच होतं, रविवारी तो इकडची प्रार्थना करून तिकडे जायचा. मला तिथपर्यंत जायचं होतं पण परत पाऊस आला आणि बाबा वाट बघत असतील म्हणून फिरलो.

रात्री बाबांनी रत्नागिरीला माझ्या आत्याला फोन लावला. "अगं तायडे, इथं चाळीस जण आहेत," एवढंच मला ऐकू आलं. बराच वेळ बोलत होते.

चौथा दिवस, रविवार

हार्वेस्ट फेस्टिव्हलला आम्ही बसावं की नाही अशी मला शंका होती. बाबा म्हणाले आजींनी बोलावलंय, जायचं. आणि सकाळी उठून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला.

चर्च ओळखू येत नव्हतं. खिडक्यांमध्ये भोपळे, सफरचंदं, गाजरं पाल्यासकट, कुंडाच्या भोवती गव्हाच्या ओंब्यांच्या जुड्या, एका बाकाला लावलेल्या हॉप्सचा, बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवट वास. माणसं तीसेक असतील. आता एकच पाद्री बऱ्याच पॅरिश सांभाळतो, त्यामुळे दर रविवारी प्रार्थना इथं होतेच असं नाही, असं शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं.

आज इंग्लंडभर चर्चमधून आणि शाळांमधून जो हार्वेस्ट फेस्टिव्हल होतो तो या अशा रूपात सुरू झाला इथूनच. रविवार, 1 ऑक्टोबर 1843. हॉकरने गावाला सूचना दिली की पूर्वी नव्या धान्याची पहिली भाकर देवापुढे ठेवायची जुनी रीत होती, ती परत सुरू करू, सगळ्यांनी या, आणि त्या दिवशीच्या प्रसादाचा पाव नव्या गव्हाचा केला. त्याआधी सुगी झाली की शेतकऱ्याच्या घरी जेवण आणि दारू असायची, ते होतंच. पण चर्चमध्ये सगळ्या गावाने मिळून असं नव्हतं. आणि गावातली बरीच माणसं तेव्हा मेथडिस्ट चॅपलला जाणारी, हॉकरचं त्या पंथाशी अजिबात पटायचं नाही, फार कडक बोलायचा. तरी त्याच गावात, त्याच वर्षी, शॉपच्या वाडीला त्याने शाळा पण बांधली.

बाबांना मी हे हळू आवाजात मराठीत सांगत होतो. ते म्हणाले, "नवान्न आहे रे हे. आपण नाही का नवान्न पौर्णिमेला दाराला नवं बांधत." भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडू, कुरडू, नाचणीचं कणीस. आमच्याकडे अजून बांधतात. आणि तिथी पण जवळच आली होती, आठवड्यावर.

प्रसाद आम्ही घेतला नाही, नुसते बसून राहिलो. शेवटी सगळे बाहेर पडताना आजीबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी बाबांना विचारलं की तुमच्या घरातलं कोणी समुद्रात गेलं का? शुक्रवारी त्यांनी बघितलं असणार. बाबांनी माझ्याकडे न बघता स्वतःच इंग्रजीत सांगितलं, मोडकं पण पूर्ण, बोट, बारा वर्षं, ओटीवरची म्हातारी, सगळं. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि नाव विचारलं. बाबांनी आधी नुसतं जनू सांगितलं, मग थांबून पूर्ण नाव, जनार्दन, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका दापोली. जसं नोंदीला सांगतात तसं.

आजीबाई आत गेल्या आणि कुंडाजवळच्या जुडीतून गव्हाच्या चार ओंब्या काढून घेऊन आल्या. मी गाडी आणायला वर गेलो. परत वळून बघितलं तर बाबा त्या ग्रॅनाइटच्या क्रॉसपाशी खाली बसले होते, चपला काढून, ओल्या गवतात, आणि ओंब्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर ठेवायला एक दगड शोधत होते.